गोवंडीच्या वर्गात भेट येते तेव्हा

गोवंडी स्टेशनला उतरून शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनीच्या शाळांकडे जाणारे पुष्कळ शिक्षक बाहेरून येतात. कुणी नवी मुंबईतून, कुणी डोंबिवलीहून, कुणी गावाकडून बदली करून. २००९ पासून ‘टीच फॉर इंडिया’चे तरुण शिक्षकही मुंबईतल्या अशा शाळांत दोन दोन वर्षं शिकवायला येऊ लागले. शिवाय देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९५४ पासून ती इथंच आहे आणि तिचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी याच वस्त्यांत येतात. यातल्या अनेकांना गोवंडी पहिल्या दिवशी परमुलखासारखी वाटते. भाषा वेगळी, सण वेगळे, घरात चालणारी कामं वेगळी. पाठ टाचण कसं काढावं, मूल्यमापन कसं करावं, हे डी.एड.मध्ये शिकवलेलं असतं. पण तिसरीतल्या मुलानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी नळ टेबलावर ठेवला आणि “टीचर, ये आपके लिए” म्हणाला, तर काय करायचं, हे कुणीच सांगितलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या की इथल्या भेटी चमत्कारिक का वाटतात. इथं आई-वडिलांचं काम घरात येतं, आणि मूल भेट आणतं ती त्या कामातून. गल्लीगल्लीत जरीचे कारखाने आहेत. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून कारीगर जरदोजी करतात. बायका घरी बसून दुपट्ट्यांना टिकल्या लावतात, नकली दागिन्यांच्या साखळ्या जोडतात, लसूण सोलून देतात. मजुरी नगावर किंवा वजनावर. पलीकडे १९२७ पासूनचं देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, आणि त्याच्या आधारानं उभा राहिलेला भंगाराचा सगळा धंदा. १९७१ मध्ये सुरू झालेला देवनारचा कत्तलखाना जवळच आहे. बकरी ईदच्या आधी देशभरातले बकरे तिथं विक्रीला येतात. मग मुलं काय आणतील? जरीचा एखादा सुटा बुट्टा. चार मणी कमी असलेली माळ. भंगारात सापडलेलं परदेशी नाणं, उन्हात धरलं की चालणारा कॅल्क्युलेटर, कॅमेऱ्याची काच. गावाहून आलेला सत्तू, ठेकुआ. ईदचा शीरखुर्मा. कधी पिशवीत कुर्बानीचं मटण. कधी खिशात रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू.

चेंबूरच्या दुकानातला दोनशे रुपयांचा कॉफीचा कप भेट म्हणून आला, तर आपल्याला अवघड वाटत नाही. पितळी नळ आला की वाटतं. अडचण आहे ती आपल्या सवयीची. ती बाजूला ठेवली की पुढचं बरंच सोपं होतं.

पहिलं अर्धं मिनिट

भेट हातात येते तो क्षण मूल कितीतरी दिवस लक्षात ठेवतं. हातातली वही खाली ठेवा. दोन्ही हातांनी घ्या. वस्तूकडे नीट बघा, उलटून बघा. मोठ्या माणसांशी आपण सौजन्यानं “कशाला आणलंस?” म्हणतो. लहान मुलाशी तसं बोलू नका, त्याला तो खरोखरचा प्रश्न वाटतो आणि त्याचा चेहरा पडतो. “अरे वा, हे काय आहे, सांग मला” असं म्हटलं की मूल बोलू लागतं. किंमत विचारू नका. दुसऱ्या मुलाच्या भेटीशी तुलना तर अजिबात नको.

त्यानंतर, तितक्याच मोकळ्या आवाजात, तीन गोष्टी विचाराव्यात. हे कुणी केलं? कुठे मिळालं? घरी माहीत आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वांत हळू विचारायचा आहे.

कारण जरीचं रीळ, टिकल्यांची पुडी, मण्यांची लड हे बहुतेकदा घरच्यांच्या मालकीचं नसतं. शेठ माल मोजून किंवा वजन करून देतो आणि तसाच परत घेतो. कमी भरला तर मजुरीतून कापतो. मुलानं टीचरसाठी प्रेमानं उचललेली एक लड आईच्या अख्ख्या दुपारच्या कमाईएवढी असू शकते. अशी वस्तू परत गेलीच पाहिजे. पण ‘चोरी’ हा शब्द वर्गात उच्चारायचा नाही. त्या वयाच्या मुलाला घरात असलेलं सगळं घरचंच वाटतं. वस्तू तुमच्याकडेच ठेवा, मुलाला म्हणा, “ही मला फार आवडली, तुझ्या आईला सांगायचंय मला,” आणि आई घ्यायला आली की एकटीला गाठून तिच्या हातात द्या. आईला सांगताना मुलाचं कौतुक आधी करा, माल परत देण्याचं नंतर. नाहीतर संध्याकाळी घरी मार बसतो. तो मार तुमच्या भेटीपायी बसलेला असेल.

कतरन, फाटलेला तुकडा, बिघडलेला नमुना, कारीगर वडिलांनी खास बसून केलेलं नाव, हे मात्र आनंदानं घ्यावं. जरदोजीत तुमचं नाव काढून आणलेला रुमाल आला, तर तो भिंतीवर लावा आणि शक्य झालं तर त्या कारीगराला एकदा वर्गात बोलवा. अड्डा कसा ताणतात, सुई वरून चालते की खालून, सलमा कशाला म्हणतात, हे तो चाळीस मुलांना दाखवेल. बापाच्या हातातलं कसब शाळेत मान मिळवण्याजोगं आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. माझ्या मते गोवंडीतल्या शिक्षकाला मिळू शकणारी ही सर्वांत मोठी संधी आहे आणि ती फार थोडे जण घेतात.

भंगारातून आलेली वस्तू

इथं दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात: मुलाचा मान आणि सगळ्यांची सुरक्षितता.

भंगार वेचणाऱ्या घरातल्या मुलाची नजर तयार असते. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, कडक प्लॅस्टिक, नरम प्लॅस्टिक त्याला हाताच्या स्पर्शानं ओळखता येतं. विज्ञानाच्या पुस्तकात आठवीत येणारं धातू-अधातूंचं प्रकरण त्याच्या घरी रोज सायंकाळी चालतं. त्यानं तुम्हाला पितळी नळ आणला असेल, तर विकता आली असती अशी वस्तू त्यानं न विकता आणली आहे. हे ओळखा आणि बोलून दाखवा. अशी वस्तू विज्ञानाच्या तासाला वापरता आली तर उत्तम. परदेशी नाणं असेल, तर नकाशावर त्याचा देश शोधायला लावा.

पण काही वस्तू ताबडतोब आणि ठामपणे बाजूला ठेवायला हव्यात. सुया, सिरिंज, औषधांच्या बाटल्या आणि पट्ट्या, फुगलेल्या बॅटऱ्या, पाऱ्याचे थर्मामीटर, फुटकी ट्यूबलाइट, मुदत उलटलेली क्रीम-पावडर, अर्धवट भरलेली अत्तराची किंवा स्प्रेची बाटली. दवाखान्यांचा कचरा वेगळा जमवायचा कायदा असला, तरी तो घरगुती कचऱ्यात मिसळून येतोच, हे इथले वेचक तुम्हाला सांगतील. मुलाच्या हाताला सुई टोचली असेल, तर वाहत्या पाण्यात साबणानं हात धुवा, जखम पिळू नका, आणि पालकांना बरोबर घेऊन त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दाखवा. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध द्यायचं झालं तर ते ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. कावीळ ब आणि धनुर्वाताच्या लसींबद्दलही डॉक्टरांना तेव्हाच विचारा.

मोबाइल सापडला म्हणून भेट दिला, तर तो कधीही ठेवून घेऊ नका. तो कुणाचा आहे हे माहीत नसतं आणि पुढं चौकशी झाली तर मूल, पालक आणि तुम्ही तिघंही अडकता. मुख्याध्यापकांसमोर पालकांना बोलवा आणि फोन पोलीस ठाण्यात जमा करायला सांगा.

आता एक गोष्ट, जी गोवंडीत शिकवणाऱ्या प्रत्येकानं मनावर घ्यावी. मिळालेली भेट कचऱ्यात टाकू नका. शाळेच्या कचऱ्यात नको, घरच्या कचऱ्यातही नको. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग आता कांजूरमार्गला जातो हे खरं, पण भंगाराची साखळी अजून याच वस्त्यांतून फिरते. तुम्ही चेंबूरला टाकलेला कागदी फुलांचा गुच्छ किंवा नाव घातलेलं कार्ड फिरत फिरत त्याच मुलाच्या घरातल्या ढिगात उतरू शकतं. दुसऱ्या शहरातल्या शिक्षकाला ही काळजी करावी लागत नाही. इथं करावी लागते. वस्तू ठेवणं शक्य नसेल, तर वर्गाच्या कपाटात एक फळी राखा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावून मुलाचं नाव आणि वर्ष लिहा. वर्ष संपल्यावर वस्तू मुलालाच परत देता येते, “माझ्याकडे वर्षभर होती, आता तू सांभाळ” असं सांगून. मुलं ती फार अभिमानानं घेऊन जातात.

डबा, शीरखुर्मा, मटण

खाण्याच्या भेटीत इतिहास आडवा येतो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना शिपायानं वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागवता येत नसे. ज्या राज्यात हे घडलं तिथं शिक्षकानं मुलाच्या डब्यातला घास नाकारणं ही कधीच साधी गोष्ट नसते. गोवंडीत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, तसंच मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबंही आहेत. दोन्हीकडचे पालक शिक्षक डब्याला हात लावतो की नाही याकडे बारकाईनं बघतात. बोलत नाहीत, पण बघतात.

म्हणून जे खाता येतं ते मुलासमोर, तिथंच, थोडं तरी खा. पर्समध्ये टाकून घरी नेलेला ठेकुआ मुलाला पोचला असं वाटत नाही. जे खाता येत नाही त्याबद्दल खरं बोला. तुम्ही शाकाहारी असाल, तर मटणाची पिशवी घेऊन वाटेत कुणाला तरी देऊन टाकण्यापेक्षा सरळ सांगावं, “मी मांस खात नाही, माझ्या घरी कुणीच खात नाही. पण ईद मुबारक. शीरखुर्मा असेल तर मला हवा आहे.” कुर्बानीच्या मटणाचे परंपरेनं तीन भाग करतात: एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. तुमच्याकडे आलेला वाटा मधला असतो. त्या घरानं तुम्हाला आपल्या माणसांत मोजलं आहे. नकार देतानाही हे तुम्हाला कळलंय, असं त्यांना दिसू द्या. मधुमेह असेल, उपास असेल, दुधाची ॲलर्जी असेल, तर तेही सांगा. खरं कारण सांगितलं तर पालक कधीच दुखावत नाहीत. “आत्ता पोट भरलंय” हे मात्र सगळ्यांना ओळखू येतं.

काळजी घ्यायची ती ताजेपणाची. पत्र्याच्या घरात मे-जूनमध्ये दुधाचा पदार्थ सकाळी करून दुपारच्या पाळीपर्यंत टिकत नाही. असा डबा आला तर वास घ्या, शंका वाटली तर खाऊ नका आणि वर्गात मुळीच वाटू नका. चाळीस मुलांचं पोट बिघडलं, तर दोष त्या आईवर येईल. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांच्या देखत खाण्याची भेट उघडू नये, एवढं भान ठेवा. खजूर आले असतील तर ते घरी घेऊन जा. आणि शक्य असेल तर रोजा सुटण्याच्या वेळी त्यातला एक खाऊन दुसऱ्या दिवशी मुलाला तसं सांगा.

जिवंत प्राण्यांबद्दल थोडक्यात. कोंबडीचं पिल्लू किंवा कबूतर असेल, तर पाणी दाखवा आणि सुटीत मुलाबरोबरच घरी परत पाठवा. पोपट असेल तर तसं करता येत नाही. आपल्याकडचे पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. उडवून देण्याची घाई करू नका, पंख छाटलेला पोपट कावळ्यांच्या तोंडी जातो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

ज्या भेटी घ्यायच्याच नाहीत

मूल देतं ती भेट आणि मोठा माणूस मुलाच्या हातून पाठवतो ती भेट, यांतला फरक सांभाळला की बहुतेक प्रश्न सुटतात. पाकिटातले पैसे, सोन्याची नथ, साडी, मिक्सर, मोबाइल रिचार्ज, दुकानाचं कूपन यांना “नाही” म्हणा, त्याच दिवशी, पालकांना समोर बसवून, हसतमुखानं. मुलाच्या हातून परत पाठवू नका. रक्कम मोठी असेल, तर मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून द्या.

गोवंडीत अशा भेटी विशेषतः कागदपत्रांच्या वेळी येतात. झोपडं तुटतं, कुटुंब मानखुर्दला, मुंब्र्याला किंवा गावी हलतं, आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखल्यासाठी काहीतरी द्यावं लागतं अशी पालकांची समजूत असते. त्यांना कायदा सांगा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेतून दुसऱ्या अशाच शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला वेळ लागला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा “मुलाकडे जरा जास्त लक्ष द्या” म्हणून आलेलं पाकीट हे शिकवणीची फी म्हणूनही घेता येत नाही. पालकाच्या हातात पाकीट परत देताना ही कलमं सांगितलीत, तर तुम्ही त्याला एक खरी वस्तू देऊन पाठवता.

तुम्हाला कोणते सेवानियम लागू आहेत, हेही एकदा बघून घ्या. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम, खासगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली, आणि महापालिकेचे स्वतःचे नियम. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत प्रसंगोपात दिलेलं साधं जेवण भेट धरलेलं नाही. शीरखुर्म्याची वाटी आणि सोन्याची नथ यांत कायदा लिहिणाऱ्यांनाही फरक दिसतो.

आपली मराठी माणसं आता जगभर शिकवतात, त्यांनी त्या त्या देशाचा कायदा अगदी काटेकोर पाळावा. दक्षिण कोरियात २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे एकट्या विद्यार्थ्याला वर्गशिक्षकाला कार्नेशनचं फूलही देता येत नाही. १५ मेच्या शिक्षक दिनी विद्यार्थी प्रतिनिधीनं सर्वांसमोर दिलेलं फूल तेवढं चालतं. चीनच्या शिक्षण मंत्रालयानं २०१४ मध्ये विद्यार्थी आणि पालकांकडून भेटी, रोख रक्कम घेण्यावर बंदी घातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी शाळेच्या शिक्षकाला ५० डॉलरची मर्यादा आहे. बर्लिनमध्ये एका शिक्षिकेनं वर्गानं मिळून दिलेलं सुमारे २०० युरोंचं छोटं शिल्प घेतलं आणि तिला ४,००० युरो भरावे लागले. या देशांत नकार दिला तर कुणी वाईट वाटून घेत नाही, कारण नियम सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे नियम कुणाला ठाऊक नसतो, म्हणून नकार व्यक्तिगत वाटतो. तेव्हा आधी सांगून ठेवणं हाच उपाय.

किशोरवयीन मुलामुलींच्या भेटींबद्दल एक पथ्य. चिठ्ठी, अंगठी, कपडे, ‘कुणाला सांगू नका’ अशा अटीसह आलेली कोणतीही वस्तू गुपचूप ठेवायची नाही. मूल निष्पाप असतं, ते वयच तसं आहे. ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवू नये, स्टाफरूममध्ये हसण्यावारी नेऊ नये. मुख्याध्यापकांना आणि एका ज्येष्ठ शिक्षिकेला सांगावं, आणि मुलाशी किंवा मुलीशी त्यांच्या उपस्थितीत, चार वाक्यांत, मायेनं बोलावं.

भेट काही सांगत असते

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. एखादं मूल अचानक स्वतःची आवडती वस्तू आणून देतं: कंपास, रंगपेटी, जिंकलेल्या गोट्या, शाळेतूनच मिळालेलं नवं दप्तर. तेव्हा कौतुक करून पुढच्या धड्याकडे वळू नका. “आता तुला हे नको का?” असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. सातवी-आठवीच्या मुलाचं दप्तर नको असणं म्हणजे पुष्कळदा त्याला कारखान्यात बसवायचं ठरलेलं असतं. मुलीनं बांगड्या-मेंदीचा कोन दिला आणि ‘मैं गाँव जा रही हूँ’ म्हणाली, तर गावी लग्नाची बोलणी चालू असू शकतात. पाडकामाची नोटीस आलेली असू शकते. हे त्या दिवशी कळलं तर घरी जाऊन बोलता येतं, चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन करता येतो, दाखला तयार ठेवता येतो. महिन्यानं कळलं तर हजेरीपटावर फक्त एक रिकामी रांग उरते.

आणि मूल एकामागून एक सगळ्याच लाडक्या वस्तू वाटून टाकत असेल, गप्प गप्प राहत असेल, तर ते गंभीर लक्षण समजा. मानसोपचारतज्ज्ञ याकडे आत्महत्येच्या विचारांची एक खूण म्हणून पाहतात. अशा मुलाला एकटं सोडू नका. स्पष्ट शब्दांत विचारा, पालकांना त्याच दिवशी बोलवा. टेलिमानसची १४४१६ ही मोफत सेवा दिवसरात्र चालू असते.

परतभेट आणि रिकाम्या हातांची मुलं

भेटीला उत्तर द्यावं, पण पैशांनी फेड करू नये. दहा रुपयांच्या भेटीला शंभराची परतभेट दिली की मुलाची भेट छोटी होते. मुलाच्या नावानं चार ओळींची चिठ्ठी लिहा, ते मूल ज्या लिपीत शिकतं त्या लिपीत. उर्दू येत नसेल तर शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याकडून लिहून घ्या. अशा चिठ्ठ्या इथल्या घरांत आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. पुस्तक देणार असाल तर त्याहून चांगलं काही नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. आजही ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून एखादं पातळ पुस्तक आणून शिक्षकाला देणारी मुलं गोवंडीत आहेत. ते वाचा, आणि वाचल्यावर त्या मुलाशी त्याबद्दल बोला.

पण वर्गात भेट न आणणारी मुलं जास्त असतात. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते तो एम पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. इथं वीस रुपयांची वर्गणी म्हणजे घरच्या दुधाचा प्रश्न असतो. ५ सप्टेंबरच्या आधी मॉनिटर वर्गात फिरून पैसे गोळा करू लागला, की त्या दिवशी काही मुलं ‘पोट दुखतंय’ म्हणून घरीच राहतात. म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच वर्गात सांगा: विकत आणलेलं काही घेणार नाही, पैसे गोळा करायचे नाहीत, कुणाला द्यायचंच असेल तर एक चित्र, एक गोष्ट, एक गाणं, किंवा घरी कुणाला काय काम येतं ते लिहून आणा. जमलेले पैसे आधीच हातात आले असतील, तर ज्याचे त्याला, एकेकट्याला परत करा. आलेल्या भेटी टेबलावर मांडून फोटो काढू नका, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नका. तो फोटो आईच्या फोनमध्ये तेही मूल बघतं, ज्यानं काही दिलेलं नाही.

आणि भेट देणाऱ्याकडे तुमची नजर दोन दिवस जास्त वळते, हे सगळ्या वर्गाला दिसतं. त्या आठवड्यात फळ्यावर बोलवाल ती मुलं मुद्दाम मागच्या बाकांवरची असू द्या.

मुख्याध्यापकांना एक विनंती. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित प्रत्येक शाळेत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. जूनमधल्या पहिल्याच बैठकीत हा विषय ठेवा. शिक्षक काय घेतील, काय घेणार नाहीत आणि दाखल्याला पैसे लागत नाहीत, एवढं अर्ध्या पानावर मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहून शाळेच्या फाटकाजवळ लावा, आणि ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सभेत मोठ्यानं वाचून दाखवा.